नऊ दिवसांचं अंतर : जकार्ता 1962, भारत विरुद्ध दक्षिण कोरिया

26 ऑगस्ट 1962 ला जकार्त्यात भारताचा फुटबॉल संघ दक्षिण कोरियाकडून 0-2 असा हरला. 4 सप्टेंबरला, त्याच शहरात, त्याच कोरियाला त्याने आशियाई खेळांच्या अंतिम सामन्यात 2-1 असं हरवलं आणि सुवर्णपदक घेतलं. मधे नऊ दिवस गेले होते. या काळात संघात बाहेरून कोणी आलं नव्हतं. उलट गोलरक्षक तापाने आडवा झाला होता, बचावाच्या खांबाच्या डोक्याला टाके पडले होते आणि प्रशिक्षकाचं शरीर आतून पोखरलं जात होतं. बाहेर शहरभर भारताविरुद्ध संताप पेटलेला होता.

असं असूनही निकाल उलटला. तो का उलटला, हे या प्रकरणात शोधायचं आहे.

ही गोष्ट बहुतेकदा जिद्दीची म्हणून सांगितली जाते. लाखभर लोक विरोधात ओरडत होते, अकरा पोरं पेटून उठली आणि जिंकली. जिद्द होतीच, ती कोण नाकारेल? पण पहिल्या सामन्यातही याच खेळाडूंकडे जिद्द होती आणि तिथे एकही गोल झाला नव्हता. म्हणून मला वाटतं, उत्तर आधी कागदावरच्या मांडणीत शोधायला हवं. कोणाला कुठे उभं केलं, कोणाला बाहेर बसवलं आणि हे ठरवणाऱ्या माणसाला आपले खेळाडू किती खोलवर ठाऊक होते, हे पाहायला हवं.

तो माणूस म्हणजे संघाचे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम, सगळ्यांचे रहीमसाहेब. जन्म 1909, गाव हैदराबाद, पेशाने शाळामास्तर. मुंबईच्या जुन्या फुटबॉलवेड्यांना त्यांची ओळख करून द्यायची गरज नव्हती. त्यांच्या हाताखालच्या हैदराबाद पोलिसांनी 1950 ते 1954 अशी सलग पाच वर्षं रोव्हर्स कप ही मुंबईची मानाची फुटबॉल स्पर्धा जिंकून चषक उचलून नेला होता. मुंबईच्या कूपरेज मैदानावर बसून ती पाच वर्षं पाहिलेल्या प्रेक्षकांनी भारताचा पुढचा राष्ट्रीय संघ घडताना पाहिला, असं म्हटलं तर चूक ठरणार नाही. हैदराबादेत ते मुलांसाठी वेगळ्याच धर्तीच्या स्पर्धा भरवत. एखाद्या स्पर्धेत ड्रिबलिंगला बंदी, चेंडू आला की लगेच पास द्यायचा. दुसऱ्या एखाद्या स्पर्धेत फक्त कच्च्या पायाने खेळायचं. कोणत्या पोराचं काय पक्कं आणि काय कच्चं आहे हे वर्गात ओळखणारा मास्तर मैदानावरही तेच करत होता.

त्यांच्या कारकिर्दीत भारताने 1951 ला दिल्लीत इराणला 1-0 हरवून पहिल्या आशियाई खेळांचं सुवर्ण जिंकलं. 1952 ला हेलसिंकीत युगोस्लाव्हियाने 10-1 असा धुव्वा उडवला. आपले बरेच खेळाडू तेव्हा अनवाणी खेळत असत. त्या पराभवानंतर बूट सक्तीचे झाले. 1956 ला मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये भारत चौथा आला आणि मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने यजमान ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅट्‌ट्रिक केली. 1960 ला रोममध्ये फ्रान्सला 1-1 असं बरोबरीत रोखलं, गोल पी. के. बॅनर्जीचा. जकार्त्याला गेलेला संघ अनुभवी होता तो यामुळे.

दक्षिण कोरियाचा दर्जा मात्र आपल्यापेक्षा वरचा होता. 1956 आणि 1960 असे पहिले दोन्ही आशियाई चषक त्यांच्याकडे होते. 1958 च्या टोकियो आशियाई खेळांत त्यांनी उपांत्य फेरीत भारताला 3-1 असं सहज बाजूला केलं होतं. फक्त एक गोष्ट त्यांना साधत नव्हती. आशियाई खेळांचं सुवर्ण त्यांना 1954 ला मनिलात मिळालं नाही आणि 1958 ला टोकियोतही नाही. दोन्ही अंतिम सामने ते तैवानकडून हरले होते.

आणि जकार्त्यात तैवान नव्हताच. या प्रकरणाचं राजकारण इथूनच सुरू होतं.

इंडोनेशियाचे राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांना या खेळांतून आपल्या नव्या देशाची ताकद जगाला दाखवायची होती. सोव्हिएत मदतीने सेनायनचं अवाढव्य स्टेडियम उभं राहिलं आणि खेळांच्या जेमतेम महिनाभर आधी त्याचं उद्‌घाटन झालं. पण चीन आणि अरब देशांशी असलेले संबंध जपण्यासाठी इंडोनेशियाने तैवान आणि इस्राएल या दोन देशांच्या पथकांना येऊ दिलं नाही. याला सर्वांत ठाम विरोध केला तो गुरू दत्त सोंधी या भारतीय माणसाने. ते आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे सदस्य होते आणि आशियाई खेळांच्या कल्पनेला जन्म देणाऱ्यांपैकी एक. सदस्य देशांना दारातून परत पाठवल्यावर या खेळांना अधिकृत आशियाई खेळ म्हणता येणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

सोंधींची बाजू मला आजही योग्य वाटते. पुढे 1963 च्या सुरुवातीला ऑलिम्पिक समितीने इंडोनेशियाला निलंबित केलं. पण तत्त्व मांडणारा माणूस समितीच्या खोलीत असतो आणि त्याची किंमत मोजणारे भलतेच कोणीतरी असतात. 3 सप्टेंबरला, म्हणजे अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी, संतप्त जमावाने जकार्त्यातल्या भारतीय वकिलातीवर हल्ला केला. सोंधींनी त्याच दिवशी शहर सोडलं. खेळाडू तिथेच होते.

त्या दिवसांच्या ज्या आठवणी खेळाडूंनी पुढे सांगितल्या, त्यांतल्या काही चटका लावणाऱ्या आहेत. बसवरचा तिरंगा काढून ठेवावा लागला. पगडी आणि दाढीमुळे लांबूनही ओळखू येणाऱ्या जर्नैल सिंगला बसमध्ये खाली दडून बसावं लागलं. पंजाबातला हा गडी फाळणीचा आगडोंब पाहून आला होता. जमाव म्हणजे काय हे त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती.

आता मैदानाकडे वळू, कारण निकाल तिथे लागला.

स्पर्धेत आठ संघ होते, चार-चारचे दोन गट. भारताच्या गटात कोरिया, जपान आणि थायलंड. सलामीलाच कोरियाकडून 0-2. त्या सामन्यात जर्नैल आपल्या नेहमीच्या जागी होता, बचावाच्या मधोमध, स्टॉपर. आशियात त्या काळी त्याच्या तोडीचा स्टॉपर क्वचितच असेल. पुढे पीके उजव्या बगलेला, कर्णधार चुनी गोस्वामी आणि तुलसीदास बलराम आत आणि डावीकडे. कलकत्त्याच्या मैदानावर आख्यायिका झालेलं त्रिकूट हे. तरीही गोल नाही. तिघेही चेंडू खेळवणारे, जागा शोधणारे, नजाकतीचे. कोरियाच्या दांडग्या बचावात अंग घालून धडक देणारा माणूस आघाडीत नव्हता, असं निकालाकडे पाहताना मला वाटतं.

दुसऱ्या सामन्यात थायलंडला 4-1 हरवलं. पीकेचे दोन, चुनी आणि बलरामचा एकेक. पण याच सामन्यात जर्नैलच्या डोक्याला जबर जखम झाली आणि टाके घालावे लागले. त्या काळी सामन्यात बदली खेळाडू उतरवायची सोय नव्हती, एक जायबंदी झाला की उरलेल्या दहांनी निभवायचं. मग जपानवर 2-0, पीके आणि बलराम. भारत उपांत्य फेरीत पोचला. समोर दक्षिण व्हिएतनाम, पलीकडच्या गटातला अव्वल संघ.

इथे रहीमसाहेबांनी जो निर्णय घेतला तो या प्रकरणाचा गाभा आहे. डोक्याला पट्टी बांधलेल्या जर्नैलला त्यांनी संघात घेतलं आणि स्टॉपरच्या जागेवर न ठेवता सेंटर फॉरवर्ड म्हणून सर्वांत पुढे उभं केलं.

वरवर पाहिलं तर हा वेडेपणा वाटतो. आपला सर्वांत भक्कम बचावपटू बचावातून काढायचा, तोही जखमी, आणि आघाडीला पाठवायचा! पण जरा थांबून विचार केला की यातलं शहाणपण दिसतं. स्टॉपरला उंच आलेला प्रत्येक चेंडू डोक्याने परतवावाच लागतो, त्याला निवड नसते. तिथे टाके घातलेलं डोकं म्हणजे संघाच्या मर्मावरची जखम. पुढे खेळणाऱ्याला निदान कोणत्या चेंडूवर झेपावायचं हे ठरवता येतं. शिवाय जर्नैल कॉलेजच्या दिवसांत आघाडीला खेळलेला होता, तेव्हा गोलसमोरची जागा त्याला परकी नव्हती. आणि समोरच्या बचावपटूंना जे नको तेच नेमकं त्याच्याकडे होतं, ते म्हणजे न घाबरणारं शरीर. बचावपटू कशाला बिचकतो हे दुसऱ्या बचावपटूएवढं कोणाला कळणार?

मागची जागा अरुण घोषने सांभाळायची होती. हा निर्णय अविचाराचा ठरला नाही तो त्याच्यामुळे. मधोमध त्याच्यासारखा शांत डोक्याचा खेळाडू नसता तर जर्नैलला पुढे पाठवणं परवडलंच नसतं. या सामन्याची गोष्ट सांगताना गोल करणाऱ्यांची नावं घेतली जातात आणि अरुण घोषचं नाव मागे राहतं, ही माझी जुनी तक्रार आहे.

1 सप्टेंबरच्या उपांत्य सामन्यात भारत 3-2 असा जिंकला. चुनीचे दोन गोल, जर्नैलचा एक. प्रयोग कामी आला होता. पण दोन गोल खाल्लेही होते, आणि अंतिम फेरीत कोरिया होता.

अंतिम सामन्यासाठी दुसरा बदल झाला तो गोलमध्ये. पीटर थंगराज आजारी पडल्यावर तरुण प्रद्योत बर्मनने गोल राखला होता आणि संघाला अंतिम फेरीपर्यंत आणण्यात त्याचा पुरेपूर वाटा होता. तरी अंतिम सामन्यात नुकताच बरा झालेला थंगराज उतरला. थंगराज चांगला सहा फुटांवरचा, लांब हातांचा आणि मोठ्या सामन्यांत मुरलेला. उंचावरून येणारे चेंडू तो हवेतच वेचू शकत होता. कोरियाशी एकदा खेळून झालेलं होतं, त्यामुळे संकट कुठून येणार याचा अंदाज संघाला होता. बर्मनवर अन्याय झाला का? त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहिलं की पोटात तुटतं. पण त्या दिवशीची निवड बरोबर होती असंच म्हणावं लागतं.

सामन्याच्या आदल्या रात्रीची हकीकत अनेक खेळाडूंनी आयुष्यभर सांगितली. रहीमसाहेबांनी मुलांना जवळ बोलावलं आणि आपल्या हैदराबादी बोलीत त्यांच्याकडे एक भेट मागितली. उद्या सुवर्ण जिंकून द्या, एवढंच. त्यांना फुप्फुसाचा कर्करोग झालेला होता. एवढी वर्षं ज्यांना त्यांनीच सगळं दिलं, त्यांच्याकडे मास्तरांनी पहिल्यांदा काही मागितलं. या प्रसंगावर मला अधिक काही लिहवत नाही.

4 सप्टेंबर. खेळांचा समारोपाचा दिवस. सेनायन स्टेडियममध्ये जवळपास एक लाख प्रेक्षक. भारताचं राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा हुर्यो उडाली, भारतीयांच्या पायात चेंडू आला की पुन्हा तेच. त्या गर्दीत भारताच्या बाजूने आवाज देणारे मोजके लोक होते आणि त्यांत पाकिस्तानचे हॉकी खेळाडू होते, असं आपल्या खेळाडूंनी नंतर कृतज्ञतेने सांगितलं आहे. याच खेळांत पाकिस्तानने हॉकीच्या अंतिम सामन्यात भारताला 2-0 हरवून सुवर्ण घेतलं होतं. तेच खेळाडू फुटबॉलच्या मैदानाशेजारी आपल्यासाठी घसा बसवत होते. फाळणीला तेव्हा अवघी पंधरा वर्षं झाली होती.

भारतीय अकरा जण असे : गोलमध्ये थंगराज. मागे चंद्रशेखर, अरुण घोष आणि त्रिलोक सिंग. मध्ये फ्रँको आणि प्रशांत सिन्हा. पुढे पीके, युसूफ खान, जर्नैल, चुनी आणि बलराम.

सतराव्या मिनिटाला पीकेने गोल केला. विसाव्या मिनिटाला जर्नैलने दुसरा. तीन मिनिटांत दोन गोल, आणि त्यातला एक अशा माणसाचा जो नऊ दिवसांपूर्वी याच कोरियाविरुद्ध आपल्या गोलपुढे उभा होता.

या तीन मिनिटांचा अर्थ मी असा लावतो. जर्नैल मधोमध असल्यामुळे कोरियाच्या बचावाला त्याच्याकडे लक्ष द्यावंच लागलं. बचाव आत ओढला गेला की बगलेला जागा मोकळी होते, आणि पीकेला तेवढी जागा दिली की पुढचं सांगायला नको. वेग आणि जोरदार फटका या दोन्ही बाबतींत त्या काळच्या भारतात त्याचा हात धरणारा नव्हता. पहिला गोल बगलेच्या माणसाचा, दुसरा मधल्याचा. ज्या संघाविरुद्ध नव्वद मिनिटांत एकही गोल झाला नव्हता, त्याच्याविरुद्ध वीस मिनिटांत दोन झाले ते आघाडीचा आकारच बदलल्यामुळे.

त्यानंतर सत्तर मिनिटं उरली होती. बहुतेक वर्णनांत ती दोन ओळींत उरकली जातात, पण खरी कसोटी तिथे होती. दहा दिवसांतला हा पाचवा सामना, जकार्त्याची दमट हवा, बदली खेळाडू नाही, जर्नैलचं डोकं बांधलेलं. चंद्रशेखर आणि त्रिलोकने बगला बांधून धरल्या, फ्रँको आणि सिन्हाने मधली जागा. 85 व्या मिनिटाला चा ते-सुंगने कोरियाचा गोल केला आणि अख्खं स्टेडियम उसळलं. मग उरली पाच मिनिटं. थंगराजचा आणि त्याच्यापुढच्या तिघांचा बांध फुटला नाही.

कोरियाचा हा आशियाई खेळांतला सलग तिसरा अंतिम पराभव. त्यांच्यासाठीही हा दिवस किती कडू असेल! ज्या तैवानने आधी दोनदा वाट अडवली तो नाही, आणि तरीही सुवर्ण हातचं गेलं.

तैवान आणि इस्राएल असते तर भारत जिंकला असता का, असा प्रश्न कोणी विचारला तर तो टाळू नये. गतविजेत्यांशिवाय ही स्पर्धा झाली हे खरंच आहे. पण भारताने अंतिम सामन्यात ज्याला हरवलं तो आशियाई चषकाचा त्या वेळचा विजेता होता. गटात जपान, उपांत्य फेरीत दक्षिण व्हिएतनाम, अंतिम फेरीत कोरिया, ही वाट सोपी म्हणता येत नाही. आणि एक गोष्ट मनातून जात नाही. तैवान-इस्राएलच्या बाजूने बोलण्याची शिक्षा ज्या संघाने भोगली, त्याच संघाला तैवानच्या गैरहजेरीचा लाभही झाला असेल.

आपल्याकडच्या वाचकांना या अकरांतल्या दोन नावांपाशी थोडं थांबायला हवं.

फोर्तुनातो फ्रँको गोव्याचा, बार्देशातल्या कोलवाळचा. लहानपणीच कुटुंब मुंबईला आलं आणि तो इथल्या मैदानांवर घडला, टाटा स्पोर्ट्‌स क्लबकडून खेळला. गोवा पोर्तुगिजांच्या हातून सुटला 19 डिसेंबर 1961 ला. त्यानंतर नऊ महिनेही पुरे व्हायच्या आत कोलवाळचा हा मुलगा भारताच्या जर्सीत आशियाई सुवर्णाच्या सामन्यात मधली फळी सांभाळत होता. गोव्यातल्या किती शाळांत मुलांना हे सांगितलं जात असेल? दुसरा ओ. चंद्रशेखर, मूळ केरळच्या इरिंजालकुडाचा, पण खेळाची उमेदीची वर्षं मुंबईत कॅल्टेक्सकडून काढलेला. नोकरी सांभाळून कूपरेजवर हारवूड लीग, म्हणजे मुंबईची स्थानिक फुटबॉल साखळी स्पर्धा, खेळणाऱ्यांतले हे दोघे. कंपनीच्या संघातल्या नोकरीवर फुटबॉलपटूचा संसार चालायचा असा तो काळ.

नऊ दिवसांत काय बदललं, याचं उत्तर माझ्या मते एवढं आहे. जर्नैल पुढे गेला, अरुण घोष मधे आला, थंगराज परत उभा राहिला. हे तीनही बदल एका माणसाच्या डोक्यातून किंवा त्याच्या संमतीने झाले. त्या माणसाला जर्नैल कॉलेजात कुठे खेळायचा हेही ठाऊक होतं. या ज्ञानाची वही कुठे ठेवलेली नव्हती. संघटनेकडे ते नव्हतं, दुसऱ्या कोणा प्रशिक्षकाला ते सोपवलेलं नव्हतं. दहा-बारा वर्षं एकाच माणसाने सोसलेला हा भार होता आणि आपण सगळे त्यावर निर्धास्त होतो. माझा राग आहे तो यावर.

विजयाचा आनंदही फार टिकला नाही. दीड महिन्यात, 20 ऑक्टोबरला, चीनचं आक्रमण सुरू झालं आणि देशाचं लक्ष हिमालयाकडे गेलं. 11 जून 1963 ला रहीमसाहेब गेले, वय 53. त्याच वर्षी फुप्फुसाच्या दुखण्याने बलरामला ऐन सत्ताविशीच्या आत-बाहेर खेळ सोडावा लागला. 1964 ला चुनीच्या नेतृत्वाखाली भारत इस्राएलमध्ये झालेल्या आशियाई चषकात दुसरा आला, मग चुनीही आंतरराष्ट्रीय फुटबॉलमधून बाजूला झाला. 1966 च्या आशियाई खेळांत भारत गटातच बाद झाला. 1970 ला बँकॉकमध्ये कांस्य मिळालं. त्यानंतर आशियाई खेळांत फुटबॉलचं पदक नाही, आणि रोमनंतर ऑलिम्पिकच्या मैदानावर आपला फुटबॉल संघ उतरलेला नाही.

जर्नैल 2000 साली गेला, थंगराज 2008 मध्ये. पीके आणि चुनी 2020 च्या मार्च-एप्रिलमध्ये, सहा आठवड्यांच्या अंतराने. फ्रँको आणि चंद्रशेखर 2021 मध्ये, तीन-साडेतीन महिन्यांच्या फरकाने. बलराम 2023 मध्ये.

फ्रँको आणि चंद्रशेखर जकार्त्याहून मुंबईला परतले आणि पुन्हा आपापल्या कंपनीच्या संघात रुजू झाले. पुढच्या हंगामात, 1963-64 ला, महाराष्ट्राने संतोष ट्रॉफी, म्हणजे राज्यांच्या संघांची राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धा, जिंकली. संघाचा कर्णधार चंद्रशेखर, मधल्या फळीत फ्रँको. मद्रासला झालेल्या त्या अंतिम सामन्यात त्यांनी 1-0 असं हरवलं ते आंध्र प्रदेशला, रहीमसाहेबांच्या हैदराबादच्या राज्याला. रहीमसाहेब तो सामना पाहायला नव्हते.